बेटावरचे साहेब

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर चारचौघांत सांगते, यांच्या पोटात काही राहतच नाही म्हणून! तुमची-माझी ओळख नाही, म्हणून जमेल बहुतेक.

माझं ऑफिस माधवनगरला, पिठाच्या गिरणीच्या वर. दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर. तिथं बसून मी लांबच्या एका बेटाच्या देशात जहाजं नोंदवतो. हसू नका. जहाजमालक कुठलाही असो, कागद पाठवले की जहाजावर त्या देशाचा झेंडा चढतो. तो देश मी बघितलेला नाही. त्याच्या नोंदणी कार्यालयाला कुणीही ईमेल केली तरी ती माझ्याच टेबलावर येते, आणि खाली एक परदेशी नाव घालून उत्तर मीच देतो. मुंबईच्या आमच्या साहेबांनी त्या देशाकडून नोंदणीचा ठेका घेतलेला; ही पद्धतही त्यांनीच घालून दिलेली. वडूजला, माझ्या गावात, मी मात्र 'वकिलातीतला माणूस'. मीच पसरवलं होतं ते.

म्हणून तर सुभेदारमामा माझ्याकडं आले. आमच्याच आळीतले, अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेले. त्यांचा सागर — दोन लेकरांचा बाप — जहाजावर इंजिनच्या कामाला निघाला होता. जहाजाचं नाव ऐकलं आणि मी ते लगेच ओळखलं. जुनाट, कुणी दारात उभं करत नव्हतं असं जहाज. आदल्याच महिन्यात त्याची तपासणी मी फोटोंवर उरकली होती. मामांनी मोबाइलवर त्याचा झेंडा मोठा करून बघितला.

"देश चांगला हाय न्हवं, अरुण? आपल्या माणसाला टाकून जाणारा न्हाई न्हवं?"

फौजी माणूस. झेंडा म्हटलं की त्याच्यामागं पलटण असणारच, हे त्यांनी धरून ठेवलेलं. मागं कोण होतं? मी. मी म्हणालो, लय चांगला, मामा, बिनघोर पाठवा.

सात महिन्यांनी मालकानं हात वर केले. जहाज एका परक्या बंदराबाहेर नांगर टाकून पडलं. सागरच्या पायाला इंजिनरूममध्ये जखम झालेली, ती चिघळली. मामांनी बेटाच्या कार्यालयाला स्वतः ईमेलनं पत्र लिहिलं, फौजी इंग्रजीत, 'रिस्पेक्टेड सर' पासून. ते मी माधवनगरला उघडलं. काय करू शकत होतो मी? बरंच. देशाचं एक पत्र बंदराला गेलं असतं, तर त्याला उतरवून दवाखान्यात नेलं असतं. मसुदा तयार असतो आमच्याकडं. नाव तेवढं घालायचं.

त्याच दुपारी मुंबईहून फोन आला — भानगड अंगावर येतेय, हे जहाज नोंदणीतून काढून टाक, आजच. साहेबांना सागरचं काही माहीत नव्हतं. मला होतं. एक दिवस थांबू या, एवढं तरी म्हणता आलं असतं की नाही? नोकरीची भीती होती म्हणावं, तर तीही नव्हती हो. पण बोललो असतो तर हा माझ्या गावचा, याला मीच जा म्हणालो, हे सांगावं लागलं असतं. मग गावालाही कळलं असतं माझी वकिलात कसली ते. तेवढ्यासाठी मी गप्प बसलो. चहा यायच्या आत जहाज काढून टाकलं. मामांना ठरावीक उत्तर धाडलं: आपला विषय विचाराधीन आहे.

रविवारी वडूजला गेलो, तर मामा तेच उत्तर छापून घेऊन दारात. कारकुनी इंग्रजी त्यांना नीट लागेना. मी माझंच पत्र त्यांना वाचून दाखवलं, मराठीत समजावलं. बेटावरचा हा साहेब माणूस कसा वाटतोय, असं त्यांनी विचारलं. भला वाटतोय, म्हणालो. लाज कशी नाही वाटली मला?

झेंडा नसलेल्या जहाजाचा माणूस उतरवून घ्यायला बंदर तयार होईना. पाच आठवडे गेले. शेवटी खलाशांच्या कुठल्याशा संघटनेनं त्याला सोडवलं. सागर घरी आला तेव्हा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता.

मी भेटायला गेलो — सफरचंदं घेऊन! मामांनी मला शेजारी बसवलं आणि कागद पुढं सरकवला. पोरगं जितं परत आलं ते बेटावरच्या साहेबांमुळंच, त्यांनीच मनावर घेतलं असणार, असं त्यांचं म्हणणं.

"तुझं विंग्रजी चांगलं हाय. आभाराचं पत्र लिव. पायाचं मातर लिवू नगंस, त्यास्नी वाईट वाटंल."

मी लिहिलं. पायाचं लिहिलं नाही. सोमवारी ते ईमेलनं माझ्याच टेबलावर आलं. मी उत्तर दिलं — आपलं पत्र मिळालं, वाचून आनंद झाला.