मोगऱ्याला कडी

आमच्या शेजारच्या आक्का झाडांना पाणी गाळून घालत. पिण्याचं पाणी गाळून घेणारी घरं आपल्याकडे पुष्कळ. पण वांग्याला, कर्दळीला, इतकंच काय कुंपणाच्या मेंदीलासुद्धा गाळलेलं पाणी देणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. कळशी वर आली की पाणी दुहेरी फडक्यातून घागरीत ओतायचं. मग ते फडकं उलटं धरून त्यावर ओंजळभर पाणी सोडायचं आणि ते परत विहिरीत, म्हणजे फडक्यात अडकलेले जीव आपापल्या घरी जातात. हे सगळं एकेका घागरीला! बेळगावच्या टिळकवाडीत तेव्हा तुरळक घरं होती, आणि एवढ्याशा वस्तीला बोलायला विषय लागतातच. साऱ्यांनी मिळून त्यांचं नाव गाळणआक्का पाडलं. त्यांना ते ठाऊक होतं. "गाळण म्हणत्यात, गाळ म्हणत न्हाईत, ह्येच लई झालं," असं म्हणून त्या पुढची कळशी सोडायच्या.

आक्का निपाणीकडच्या एका खेड्यातल्या, जैन शेतकऱ्याच्या घरातल्या. नवरा फार लवकर गेला, तेव्हापासून त्या भावाकडे होत्या. भावाचा मुलगा भूपाल बेळगावला कॉलेजात शिकायला आला, त्याच्या जेवणाखाण्याचे हाल होऊ नयेत म्हणून आमच्या शेजारच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन आक्काही आल्या. त्यांचं बोलणं कन्नडात सुरू होऊन मराठीत संपायचं, नाहीतर उलट. घरमालकांच्या म्हशीशी कन्नड, माझ्याशी मराठी आणि भूपालवर चिडल्या की दोन्ही. मी नंदगडहून नवीन लग्न होऊन आलेली. मला कन्नडातले दोनच शब्द येत होते, 'ब्याड' आणि 'साकु', म्हणजे 'नको' आणि 'पुरे'. "सासुरवाशिणीला तेवढ्यावर भागतंय," आक्का म्हणाल्या.

बागेची सगळी कामं त्या उन्हाळ्यात उरकत. होळी झाली की पदर खोचायचा, तो आषाढात चातुर्मास लागायच्या आधी सोडायचा. चातुर्मासात कुदळीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम होता. "पावसात माती म्हंजे भरल्यालं घर. भरल्या घरात कुदळ घालतंय का कोण?" उन्हाळ्यातसुद्धा खणायच्या आधी त्या जमिनीवर काठी आपटायच्या आणि थोडा वेळ थांबायच्या, आतल्यांना बाहेर पडायला सवड मिळावी म्हणून. आमचे हे कोर्टात कारकून. ते म्हणायचे, "आक्का मुंग्यांवर नोटीस बजावतायत."

पण काम करावं तर आक्कांनी. फुटक्या कौलांची उलटी रांग लावून त्यांनी न्हाणीचं पाणी थेट केळीच्या बुडाशी नेलं होतं. रॉकेलच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून झारी केली होती. जुनी मडकी त्या झाडांशेजारी गळ्यापर्यंत पुरत, त्यांत पाणी भरून वर खापरी झाकत. मडकं पाझरेल तसं मूळ पाणी पितं, वर सांडत नाही, वाफेत जात नाही. आम्हीही बघून बघून मडकी पुरली, पण आमची महिन्याभरात पाझरायची थांबली. का, तर आम्ही विहिरीचं पाणी तसंच गाळासकट ओतत होतो. आक्कांच्या गाळण्यावर हसणाऱ्या साऱ्या आळीची वांगी त्या वैशाखात करपली आणि आक्कांची तेवढी हिरवीगार राहिली. त्यानंतर हसणं कमी झालं, नाव मात्र राहिलं.

आणि गूळ. आक्कांचा जीव की प्राण. दुपारी दारात कोणीही येवो, तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा पुढे यायचा, आणि पाहुण्याच्या निमित्ताने एक खडा आक्कांच्या तोंडात जायचा. पाहुणा नसेल तर त्या मला हाक मारत. त्यांच्या गावचा गूळ पिवळाधमक आणि मऊ असायचा. साखर खाणाऱ्या माणसांची त्यांना मनापासून कीव यायची.

आता माझ्या मोगऱ्याचं सांगते. माझे वडील लहानपणीच गेले होते. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच आईही गेली. भाऊबहीण कोणी नाही. घर चुलत्यांकडे गेलं, आणि चुलत्यांनी तेराव्याला ज्या तोंडाने मला निरोप दिला, त्या तोंडावरूनच मला कळलं की इथं परत यायचं नाही. निघताना मी परसातल्या आईच्या मोगऱ्याची मुळासकट एक फांदी काढून ओल्या फडक्यात गुंडाळली आणि सर्व्हिस मोटारीत मांडीवर धरून बेळगावला आणली. माझं माहेर म्हणाल तर तेवढंच उरलं होतं. आक्कांनीच तो मोगरा माझ्या अंगणात लावून दिला, शेजारी मडकं पुरलं. तिसऱ्या वर्षी झाड कमरेएवढं झालं आणि चैत्रात अंगभर कळ्या धरल्या.

त्याच चैत्रात आक्कांनी बसप्पा बुरडाला बोलावलं. बांबूच्या कामट्या वाकवून गोल करायचे आणि ते झाडाभोवती रोवायचे, म्हणजे फांद्या आत राहतात आणि शेळ्या बाहेर. आक्का त्या गोलाला 'कडी' म्हणत. त्यांच्यामुळे आम्हीही म्हणायला लागलो होतो. वांग्याला कडी, मिरचीला कडी. बसप्पा हुक्केरीकडचा, नवीनच आलेला. मराठी त्याला ओ की ठो कळत नव्हती. दिवसभर आक्का शेजारी बसून त्याच्याकडून कड्या करून घेत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, जायची घाई होती, आणि मी एका घरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या तयारीला निघून गेले होते. आक्कांनी फाटकातूनच माझ्या अंगणाकडे हात केला आणि बसप्पाला म्हणाल्या, "आ मल्लिगी, कडी." तो मोगरा आहे ना, त्याला कडी.

कन्नडात 'कडी' म्हणजे तोड.

मी परत आले तेव्हा जमिनीतून बोटभर वर आलेले पाच-सहा खुंट तेवढे उरले होते. बाजूला फांद्यांचा व्यवस्थित ढीग, कोयता धुऊन ठेवलेला, आणि बसप्पा चांगलं काम केल्याच्या समाधानात तंबाखू मळत बसलेला. त्याला मी काय बोलणार, माझ्याजवळ दोनच शब्द, आणि दोन्हींची वेळ टळून गेली होती. संध्याकाळी त्या ढिगातल्या कळ्या उमलल्या आणि सगळ्या घरात आईच्या परसाचा वास भरला. मला जेवण गेलं नाही. हे म्हणाले, फुटेल परत. मला त्यांचाही राग आला.

आक्का त्याआधी दुपारीच बस्तीतून आल्या, बघून मटकन खाली बसल्या. काय झालं ते त्यांना क्षणात कळलं, दोन्ही भाषा त्यांच्याच होत्या. त्या काही म्हणायच्या आत मी बोलून गेले, आणि ते बोलणं आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते. मी म्हटलं, "तुमच्या फडक्यातून मुंगी सुटत नाही आक्का. माझी आई बरी सुटली." आक्का तशाच उठल्या आणि घरी गेल्या.

तेव्हापासून मी बोलणं टाकलं. विहिरीवर आक्का असल्या तर मी पाण्याला जायची नाही. दोन दिवसांनी भूपालने मला रहाटाशी गाठून सांगितलं, आत्यानं गूळ सोडलाय. मोगरा फुटेपर्यंत गूळ तोंडात घालणार नाही, असा बस्तीत नेम घेतलाय. सोडू दे, मी मनात म्हटलं. गूळ सोडल्याने कुणाची आई परत येते? मी तेव्हा बावीस वर्षांची होते, आणि दुःखात माणूस किती दुष्ट होऊ शकतं ते मला ठाऊक नव्हतं.

खुंटांकडे मी बघत नव्हते, असं दाखवत होते. खरं तर दिवसातून दहा वेळा बघत होते. त्यांवर कोणीतरी नारळाच्या झापाची सावली केली होती. मडकं मी भरत नव्हते, तरी कधी रिकामं सापडायचं नाही. मी उठायच्या आत, तांबडं फुटताना मेंदीच्या फटीतून कोण येऊन जायचं ते उघड होतं. मी झाप काढून टाकला नाही, एवढाच माझा चांगुलपणा.

आणि तीनेक आठवड्यांनी एका सकाळी एका खुंटाच्या बुडाशी मोहरीएवढं हिरवं दिसलं. मी खाली वाकले. बोट लावून बघितलं. तसलंच दुसऱ्या खुंटाला, तिसऱ्याला. अंगणात, लोकांच्या देखत, मी जमिनीवर बसले आणि हुंदके देऊन रडले. इतके दिवस छातीवर जो धोंडा होता तो कोणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं हलकं वाटलं. आई गेली तेव्हासुद्धा मला असं मोकळं रडू आलं नव्हतं.

पण सुंभ जळला तरी पीळ जातो का! मी आक्कांना सांगितलं नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. राहू दे अजून थोडे दिवस बिनगुळाच्या, असं मनात होतं, आणि ते मी लपवत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मेंदीच्या फटीतून सहज तिकडे नजर गेली. बसप्पा टोपल्या घेऊन आला होता. तोच बसप्पा. आक्कांनी त्याला सावलीत बसवलं, तांब्याभर पाणी दिलं, हातावर गुळाचा चांगला मोठा खडा ठेवला. तो खात होता, आणि आक्का समोर बसून नुसतं पाणी पीत होत्या. गळ्याची हाडं वर आली होती. ज्याने झाड तोडलं त्याच्यावरही ही बाई रागावलेली नव्हती, आणि मी मात्र फुटलेलं झाड पदराखाली झाकून बसले होते.

मी घरात गेले, डब्यातला गूळ काढला आणि फटीतून पलीकडे गेले. गूळ त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, "आक्का, मोगरा फुटला."

आक्का म्हणाल्या, "ते मला ठावं हाय गं. पाच दिवस झालं फुटून. तू कवा फुटतीस त्याची वाट बघत हुते."

मग त्यांनी हात जोडून, डोळे मिटून णमोकार मंत्र म्हटला. खड्याचे दोन तुकडे केले, एक माझ्या तोंडात घातला आणि दुसरा आपल्या. आमच्या डब्यातला गूळ काळपट आणि खारट होता, पण त्यांनी तो डोळे न उघडता चघळून चघळून संपवला. मग मात्र म्हणाल्या, "गूळ बदला बाई तुमचा." मी रडता रडता हसले. बसप्पा दोघींकडे बघत होता, आणि त्याला त्या दिवशी काही कळलं नाही.

पुढच्या चैत्रात त्या मोगऱ्याला इतकी फुलं आली की पानं शोधावी लागली. मोगरा छाटल्याशिवाय नीट फुलत नाही, हे त्या चुकीतून आम्हाला कळलं. बसप्पाला कोणीतरी समजावून सांगितलं तेव्हापासून तो दर वर्षी कोयता घेऊन मोठ्या रुबाबात यायला लागला.

भूपालची शेवटची परीक्षा झाली आणि आक्कांचं बेळगावचं काम संपलं. टांगा आला त्या दिवशी त्यांनी रॉकेलची झारी मला दिली, मडकी कधी कशी बदलायची ते तिसऱ्यांदा सांगितलं आणि मागे न बघता गेल्या. मला वाटलं, संपलं. शेजार म्हणजे काय, टांगा येईपर्यंतचा.

वर्ष गेलं. वैशाखातल्या एका सकाळी फाटक वाजलं. भूपाल उभा होता, डोक्याला कोरा पटका, हातात गुळाची ढेप. लग्न झालेल्या मुलीला माहेराहून न्यायला जो येतो, त्याला आपल्यात मुराळी म्हणतात. आई गेल्यापासून असलं कोणी माझ्या दारात आलं नव्हतं, आणि येणार नाही हे मी धरूनच चालले होते. ह्यांनी त्याला पाणी दिलं आणि काय काम काढलं म्हणून विचारलं. भूपाल उठून उभा राहिला आणि घरातून पाठ करून आणल्यासारखा म्हणाला, "मुराळी आलोय. आत्यानं सांगितलंय, पोरीला चार दिवस माहेरपणाला धाडा."

हे माझ्याकडे बघायला लागले. पण मी तिथं होते कुठे? मी आत ट्रंक उघडून लुगडी भरत होते.