पुस्तकांची ट्रंक आणि दीपनगरचा उजेड

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी तेव्हा पुण्याच्या एका अध्यापक महाविद्यालयात ग्रंथपाल होते. जुनी शालेय पुस्तकं वाळवी खाते, उरलेली रद्दीवाला नेतो. त्याआधी त्यांच्या पानापानाचा फोटो काढावा आणि ती फिल्म कुणालाही फुकट बघता यावी, असं आमच्या प्राचार्यांनी मनावर घेतलं. शाळांना पत्रं धाडली, धुळ्याच्या एका शाळेचं 'जरूर या' असं उत्तर आलं आणि आम्ही निघालो. फोटो काढणार होती माझी मैत्रीण वसुधा. सामान म्हणजे कॅमेरा, लोखंडी स्टँड, दोन दिवे आणि पान सपाट दाबायला एक जाड काच. ती काच गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन मी एसटीत बसले.

धुळ्यात कपाट उघडलं तर रिकामं. दिवाळीच्या साफसफाईत सगळं रद्दीत गेलं होतं, आणि हेडमास्तरांनाही ते आमच्यासमोरच कळलं. बिचारे इतके ओशाळले की आम्हालाच त्यांची समजूत काढावी लागली. त्यांनी आम्हाला एका खानावळीत नेऊन शेवभाजी खाऊ घातली. (तिकडे गेलात तर खाच, पण सोबत ताक मागवा.) जेवताना त्यांना चोपड्याच्या एका निवृत्त शिक्षिकेची आठवण झाली. म्हणाले, "सुमनअक्कांकडे असतील. देतील का, ते सांगता येत नाही."

अमळनेरला गाडी बदलली. तापी ओलांडली की केळीच्या बागा सुरू होतात आणि समोर सातपुड्याची निळी रेघ दिसते. हा रस्ता थंडीतच करावा. हवा छान असते आणि भरिताची वांगी आलेली असतात.

सुमनअक्का सत्तरीच्या. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर. आम्ही बोललेलं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पलंगाखालची ट्रंक ओढली.

"आठे बठ्ठं शे, सगळं इथंच आहे," त्या म्हणाल्या. "पण उंबऱ्याबाहेर जाणार नाही."

नोकरीत असताना दर वर्षी निकाल लागला की अक्का पास झालेल्या मुलांची पुस्तकं गोळा करत, कव्हरं घालत आणि ज्यांना विकत घेणं जमत नसे त्यांना देत. अभ्यासक्रम बदलला की जुनी पुस्तकं ट्रंकेत. वाचनमाला, अंकगणित, जिल्ह्याचा भूगोल, सगळं होतं. पूर्वी कुणी प्रदर्शनासाठी म्हणून काही पुस्तकं नेली होती, ती परत आली नव्हती. म्हणून ही अट.

अट आम्हाला मान्य होती, पण विजेला नव्हती. शेतातले पंप सुरू झाले की आमचे दिवे लालसर व्हायचे, मग जायचेच. अक्कांनी अंगणापुरती सूट दिली, तिथे उन्हात मांडून पाहिलं, तर वाऱ्याने पानं उलटत. वसुधाने सामान आवरायला घेतलं. अक्का चहा गाळत हे बघत होत्या.

"माझी लेक दीपनगरला असते," त्या म्हणाल्या. "भुसावळजवळ. वीज बनते तिथंच. पुस्तकांबरोबर मी येते."

लेक कधीची बोलावत होती आणि या काही ना काही कारण सांगून टाळत होत्या, हे नंतर कळलं.

यावलमार्गे भुसावळची गाडी मिळाली. अक्कांनी ट्रंक टपावर चढवू दिली नाही. पायांपाशीच ठेवली. कंडक्टर कुरकुरला. शेजारच्या बाईने विचारलं, "ट्रंकमा काय शे, अक्का?" पुस्तकं आहेत म्हटल्यावर तिने आपली पाटी उचलून मांडीवर घेतली आणि ट्रंकेला जागा केली.

दीपनगरच्या क्वार्टरचं दार अक्कांच्या लेकीने, प्रतिभाने उघडलं. आईला पाहून तिने आधी तिच्या हातातली पिशवी घेतली. मग नवऱ्याला हाक मारली, दोघांनी बाहेरच्या खोलीतला पलंग भिंतीला उभा केला आणि आमचं काम मांडलं. दिवे एकदाही मंदावले नाहीत. दुपारी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, भरीत, ठेचा. शेजारणी येत, एकेक पान उलटून देत.

फिल्म महाग होती. पहिल्या पानावर पोरांनी नावं खरडलेली असत, तेवढी पानं सोडूया, असं वसुधा म्हणाली. अक्कांनी मान हलवली.

"पुस्तक सरकारनं शे, पन वाचं ते ह्या पोरेसनी."

पुस्तक सरकारचं असलं तरी वाचलं ते पोरांनी, म्हणून आम्ही नावांचीही पानं घेतली. भूगोलाच्या एका पुस्तकावर प्रतिभाचं नाव निघालं, बाजूला तिने काढलेलं फूल. ती म्हणाली की दर वर्षी तिची पुस्तकं जात आणि ती रडत असे. हे तर तिने आईपासून लपवून ठेवलं होतं, तरी गेलं. तिच्या नावाखाली वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, बिंदू.

"ही कोण?" तिने विचारलं.

"वीटभट्टीवरच्यांची पोर. आता साक्रीकडे नर्स आहे," अक्का म्हणाल्या.

प्रतिभाने त्या वाकड्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग तिने तळव्याने ते सपाट केलं, स्वतः वर काच ठेवली आणि वसुधाला म्हणाली, "हे नीट येऊ द्या."

आम्ही निघालो तेव्हा अक्का लेकीकडेच थांबल्या होत्या. भुसावळ स्टेशनवर सोडायला दोघी आल्या. जयभीम झाला, केळीचे वेफर पिशवीत कोंबले गेले. गाडी हलण्याआधी अक्का म्हणाल्या, "बघायला येईल त्याला कोण, कुठला, विचारू नका. मी कधी विचारलं नाही."

पुण्यात बैठक झाली तेव्हा शिफारसपत्राशिवाय फिल्म दाखवू नये, असा सूर निघाला. मी अक्कांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. प्राचार्य म्हणाले, नको पत्र. पुढे फिल्मची पानं संगणकावर चढली. आज ती घरबसल्या कुणीही उघडावीत, तिथेही नाव-गाव विचारत नाहीत. त्या प्रवासात आम्हाला कुणीकुणी जेवू घातलं, जागा दिली, पानं धरली. त्या सगळ्यांचे आभार मानायला एवढाच एक मार्ग आमच्या हाती होता.

पुढच्या उन्हाळ्यात प्रतिभा अक्कांना घेऊन पुण्याला आली. मी त्यांना फिल्म वाचायच्या यंत्रापुढे बसवलं, मूठ कशी फिरवायची ते दाखवलं. पडद्यावर भूगोलाच्या पुस्तकातला खानदेशचा नकाशा आला, त्याखाली धडा. अक्कांनी चष्मा पुसला आणि वर्गात वाचावा तसा तापीचा धडा खणखणीत आवाजात वाचायला घेतला. वाचनालयात मोठ्याने बोलू नये, ही पाटी मीच लावली होती. आसपासच्या माना वर झाल्या, माझ्याकडे वळल्या. मी मूठ फिरवून पुढचं पान आणलं.