खंदकातून रोज एक मेसेज

आमच्या घरातलं कोणीही कुठेही निघालं की पोचल्यावर कळवायचं, हा नियम आहे. बॉथेलच्या घरून अर्ध्या तासावरच्या बेलव्ह्यूच्या ऑफिसात पोचलो तरी मी बायकोला मेसेज टाकतो. हे वेड आईकडून आलंय. त्यामुळे शेजारचा युक्रेनी मित्र नोकरी सोडून मायदेशी लढायला निघाला, तेव्हा मी त्यालाही बजावलं, "रोज एक मेसेज. नुसता अंगठा टाकलास तरी चालेल. नाहीतर माझं कामात लक्ष लागणार नाही."

तो हसला, पण कबूल झाला. पाच वर्षं आम्ही एकाच टीममध्ये होतो. शब्दाचा पक्का माणूस.

त्याचा मेसेज सकाळी आठच्या सुमारास यायचा. तिकडे तेव्हा संध्याकाळ. नुसता अंगठा कधीच नसायचा. दिवसभर डब्याने खंदकातलं पाणी उपसलं, तेवढंच पुन्हा भरलं. मोजे सुकत नाहीत, म्हणून पोटाशी बांधून झोपतो. पायांची कातडी पांढरी पडून सोलतेय. उंदरांनी बिस्किटं संपवली, आता चार्जरची वायर कुरतडतायत. एकदा पत्र्याच्या डब्यात पुठ्ठा आणि मेण पेटवून खंदकातल्या सगळ्यांनी चहा केला, तर वाट्याला दोन-दोन घोट आले. हे वाचून मी मीटिंगला बसायचो आणि अ‍ॅपमधल्या एका बटणाच्या रंगावरून चाललेला वाद ऐकून माझं डोकं फिरायचं.

एक दिवस मेसेज आलाच नाही. मी सारखा फोन बघत होतो, बायकोवर उगाच खेकसलो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला झापलं. 'इतका कसला बिझी होतास?' असं लिहिलं. लिहिताना लाजही वाटली नाही. त्याने सॉरी म्हटलं. नंतर एकही दिवस चुकला नाही.

एका मंगळवारी सकाळी त्याची बायको कचऱ्याचा डबा आत घेताना भेटली. तिला जरा बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "काल उंदराने त्याचा मोजा पळवला म्हणे."

"काल?" ती थांबली. "काल तर तो पुढच्या खंदकात होता. तिथून तो मेसेज करत नाही. मागच्या गावात आला की फोन करतो. आमचं तसं ठरलंय."

मी बावळटासारखा फोन पुढे केला. ती एकेक मेसेज बघत पार पहिल्यापर्यंत गेली. खंदकात रेंज नसते, तिने सांगितलं. रेंजसाठी उघड्या शेतातून झाडांच्या रांगेपर्यंत सरपटत जावं लागतं, आणि डोक्यावर ड्रोन फिरत असतात.

"रोज मेसेज कर म्हणून तू सांगितलंस?" तिने विचारलं.

मी मान डोलावली. तिच्याकडे बघवेना. घरात येऊन बायकोला सगळं सांगितलं, तर ती ओरडली, "अरे, मग उभा काय राहिलायस यार? आत्ताच्या आत्ता टाइप कर!"

मी लिहिलं, 'माझं चुकलं. यापुढे मेसेज करू नकोस. बाहेर पडू नकोस.'

"गेला का?" तिने विचारलं.

एकच टिक दिसत होती. तो खंदकात होता, म्हणजे रेंजच्या बाहेर. हे वाचायलासुद्धा त्याला त्या झाडांपर्यंत यावं लागणार होतं. आठ वाजायला वीस मिनिटं होती.