दाबणाऱ्याचा बोर्ड

मोंढ्यातल्या, म्हणजे आमच्या घाऊक बाजारातल्या, हळदीच्या दुकानाचा तो बोर्ड उत्तमनं बिघडवला नव्हता, मी बिघडवला होता. एवढं एक वाक्य लिहायला मला निम्मं आयुष्य लागलं, आणि आता ते वाचायला उत्तम नाही. दिवाळीनंतरच्या थंडीत एका सकाळी त्याच्या शेजाऱ्याचा फोन आला. "उत्तमभाऊ गेले. झोपेतच." मी दात घासत होतो. खरं सांगायचं तर ऐकल्याबरोबर मनात पहिला शब्द आला तो 'सुटलो' असा. आता कोणी विचारणार नाही, कोणाला सांगावं लागणार नाही. चूळ भरून होईपर्यंत कळलं, की सुटलो नव्हतो. ज्याच्याकडे किल्ली होती तोच निघून गेला होता.

उत्तम सेनगावकडच्या एका तांड्यावरून हिंगोलीला आला तेव्हा आम्ही दोघेही मिसरूड फुटलेली पोरं होतो. एकाच पेंटरच्या हाताखाली अक्षरं गिरवली. माझा हात बरा होता, त्याचा हात सुरेख होता. पुढे ब्रश मागे पडले आणि व्हिनाइल आलं, छापून आलेला चिकट कागद पत्र्यावर बसवायचा. आम्ही दोघांनी स्टेशनकडे टिनाची एक शेड घेतली. मोठा कागद बसवायला दोन माणसं लागतात. एकानं कागद ताणून धरायचा आणि मागचा कागद हळूहळू सोडवत जायचा, दुसऱ्यानं प्लॅस्टिकच्या पट्टीनं मधून कडेला दाबत न्यायचं. आमच्यात मी धरणारा, तो दाबणारा. आमच्या बाजारात एक पद्धत होती, बोर्ड दाबणाऱ्याचा. चांगला बसला तर नाव त्याचं, बुडबुडे राहिले, सुरकुती पडली, कड सुटली तरी नाव त्याचंच. धरणाऱ्याला कोणी विचारत नाही. तेव्हा मला याचं वाईट वाटायचं. नंतर याच पद्धतीच्या आड मी लपलो.

पत्रा पुसायचं काम माझं. त्या हळदीच्या दुकानाचा पत्रा जुना होता, आधीच्या बोर्डाचा डिंक त्यावर जागोजागी बसलेला. तो रॉकेलच्या फडक्यानं निघतो, पण रॉकेलचा ओशटपणा पत्र्यावर राहतो. साबणाच्या पाण्यानं दोनदा धुऊन, वाळवून मगच कागद लावायचा असतो. पत्रा उतरवून शेडवर आणला होता, पण त्या दिवशी शेडमधल्या पिंपात पाणी नव्हतं. नळावर जाऊन आणावं लागलं असतं. ऊन चढत होतं, मला कंटाळा आला. कोरडं फडकं फिरवलं. पत्रा चकचकीत दिसत होता.

उत्तमनं पट्टी हातात घेऊन विचारलं, "धुतलं का रे, सुधा?"

"व्हय."

"बराबर?"

"व्हय म्हणलं ना! आता काय गंगेचं पाणी आणू का?"

तो हसला आणि कामाला लागला. कागद असा बसला की दुधाच्या वाटीवरची सायसुद्धा तशी बसणार नाही. मोंढ्यात चार लोकांनी मान डोलावली. पण बोर्ड पश्चिमेकडे तोंड करून होता. दुपारच्या उन्हानं थोड्याच दिवसांत एक कोपरा सुटला, मग वरची सगळी कड सुटली, आणि एका वावटळीत शेठचं अर्धं नाव दुकानावर फडफडायला लागलं.

शेठनं आम्हाला बोलावून घेतलं. दुकानासमोर हळदीची पोती उतरत होती, हमाल, गिऱ्हाइकं, शेजारचे दुकानदार सगळे जमलेले. पद्धतीप्रमाणे शेठनं पहिल्यांदा विचारलं, "दबाया किसने?"

उत्तम पुढे झाला.

"मी बोर्ड सांगितला होता, पतंग न्हाई!" शेठ म्हणाले. लोक हसले. शेठना चेव आला. "हा असला हात घेऊन मोंढ्यात येतो? तांड्यावर जा अन् गोधड्या शिव!"

उत्तमनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी वर फडफडणाऱ्या कागदाकडे पाहत राहिलो. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द माझ्या तोंडात होता आणि तोंड उघडत नव्हतं. मग उत्तम म्हणाला, "माझ्या हातानं चुकलं, शेठ. मी बदलून देतो." त्यानं एकट्यानं शिडी लावली, कागद काढला, पत्रा घासला. मी खाली शिडी धरून उभा होतो. पत्रा घासताना त्याच्या हाताला तो ओशटपणा लागलाच असणार, असं मला तेव्हा वाटलं आणि पुढे कायम वाटत राहिलं.

काही दिवसांनी तो एवढंच म्हणाला, "सुधा, यापुढं माझं मी करत जाईन. तू तुझं बघ." मी समजलो, याला कळलंय, म्हणून तोडतोय. खरं सांगू, मला बरंही वाटलं. मी औंढा रोडला वेगळं दुकान टाकलं. मोंढ्यातली मोठी कामं माझ्याकडे यायला लागली, कारण उत्तमचा हात गेला अशी आवई उठली होती. मी ती कधी खोडली नाही. तो गावोगावच्या शाळा, पतसंस्था, दवाखाने यांचे बोर्ड करत राहिला. नांदेडच्या एका मोठ्या माणसानं त्याला बोलावलं होतं, तो गेला नाही. सगळ्यांना वाटलं, घमेंड. मला वाटलं, राग.

भेटी होत राहिल्या, लग्नाकार्यात, चहाच्या टपरीवर. प्रत्येक वेळी मी ठरवून जायचो आणि प्रत्येक वेळी गोष्ट आणखी जुनी झालेली असायची. सुरुवातीला भीती होती की तो चिडेल. नंतर भीती ही, की इतकी वर्षं गप्प का राहिलास, असं विचारेल. न बोलण्याचंही एक घर होतं. त्यात शिरायला दार होतं, बाहेर यायला नव्हतं.

शेवटची भेट गणपतीच्या आधीची. मी त्याच्या शेडवर गेलो तेव्हा शटर अर्धं ओढलेलं होतं. धूळ नको म्हणून तो कागद लावताना शटर ओढायचा, पंखा बंद ठेवायचा. आत भट्टी पेटल्यासारखं गरम. दोन लाकडी घोड्यांवर पत्रा आडवा, माझ्या दुकानात दोघांनासुद्धा जड गेला असता एवढा लांब. त्यानं कागदाच्या मधोमध चिकटपट्टी लावली होती. एका अर्ध्यावर कापडात गुंडाळलेल्या विटा. दुसरा अर्धा एका पाइपावर गुंडाळून, पाइप दोन्हीकडून दोरीनं आढ्याला टांगलेला. धरणाऱ्याच्या दोन हातांची जागा त्या पाइपानं घेतली होती. माझी जागा. डाव्या हातानं तो मागचा कागद वीतभर ओढायचा, उजव्या हातानं पट्टी फिरवायचा, मग पोटानं पाइपाला जरा पुढे ढकलायचा. घाम डिंकावर पडू नये म्हणून कपाळाला गमजा.

"ये, बस. बोलायचं असंल तर बोल, मला वळता यायचं न्हाई," तो म्हणाला. "बायको रुसली तर संध्याकाळी बोलती. हे एकदा रुसलं की फाडूनच टाकावं लागतंय."

मी हसलो. याच्यापेक्षा चांगली वेळ कुठली येणार होती? त्याची पाठ माझ्याकडे, तो जागेवरून हलू शकत नाही, माझ्या तोंडाकडे पाहू शकत नाही. मी उठून पाइपाला हात लावायला गेलो. तो पटकन म्हणाला, "हात नको लावू, सुधा. तुझं नाव जाईल." आणि हसला.

मला ते टोमण्यासारखं लागलं. म्हणजे याला सगळं माहीत आहे, आणि हा मला वर्षानुवर्षं असाच भाजणार... शटरखालून वाकून कोणी गिऱ्हाईक विचारत होतं, तेवढं निमित्त करून मी बाहेर पडलो. तो तसाच वाकून दाबत राहिला. त्याचा चेहरा मी त्या दिवशी नीट पाहिलासुद्धा नाही.

तेराव्यानंतर मी त्याच्या घरी गेलो. कमलवहिनी दारातच बसल्या होत्या. इकडचं तिकडचं झालं. मग त्या आपणहून म्हणाल्या, "भाऊजी, सगळे विचारून राहिले, एवढाले बोर्ड एकटे काहून करायचे म्हणून. तुमाला तर ठावं असंल."

मी म्हणालो, "नाही."

"मोंढ्यातलं ते झालं ना, तवापासून त्यांच्या मनात बसलं की आपला हात कापतोय. परभणीला डॉक्टरला दाखवून आले. डॉक्टर म्हणला, हाताला काही न्हाई. पण ह्यांना पटलं न्हाई. म्हणायचे, दुसऱ्याला संगं घेतलं तर त्याचंबी नाव जाईल. सुधाचं जाता जाता राहिलं म्हणायचे."

बाहेर कोणाची तरी म्हैस ओरडत होती. मला फक्त तेवढंच ऐकू येत होतं. म्हणजे त्याला काहीच माहीत नव्हतं. पत्र्यावरचा ओशटपणा तोवर उन्हानं उडून गेला असणार. त्या दिवशी मोंढ्यात त्यानं माझ्याकडे पाहिलं ते माझी काळजी वाटून. स्वतःच्या धडधाकट हाताला तो जन्मभर चोर समजला, आणि चोर त्याच्यासमोर चहा पीत बसायचा.

मी सगळं सांगितलं. पिंपातलं पाणी, रॉकेल, खोटं बोललेलं ते 'व्हय'. मी हात जोडले तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या.

"माझ्यापाशी काहून हात जोडता? मी कुठं म्हणलं होतं त्यांचा हात खराब हाय म्हणून? जिथं त्यांना बोलले तिथं जाऊन सांगा. मी येते संगं."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मोंढ्यात गेलो. गल्ल्यावर आता शेठचा मुलगा बसतो, म्हातारे शेठ बाजूला गादीवर होते. पोती उतरत होती, हमालांची ये-जा चालू होती. वहिनी दारातच थांबल्या. मी उत्तमचं नाव सांगितलं. शेठनी बराच वेळ आठवून पाहिलं.

"उत्तम? कोण उत्तम?"

"बोर्डवाला. तुमी पतंग म्हणले होते."

"असंल बाबा. किती जुनी गोष्ट! बसा, बसा. अरे, दोन चहा सांग."

त्यांच्या लेखी ते दुपारचं एक वाक्य होतं. बसलो असतो, चहा प्यायलो असतो तर तिथूनही निसटता आलं असतं. माणसं मला वाट करून देत होती. मी उभाच राहिलो.

"शेठ, चहा नको," मी म्हणालो. आवाज मोठा निघाला असावा, कारण एक हमाल पाठीवरच्या पोत्यासकट थांबला. "तुमच्या बोर्डाचा पत्रा मी पुसला होता. रॉकेल मी धुतलं न्हाई अन् धुतलं म्हणून उत्तमला खोटं सांगितलं. त्याच्या हाताची चूक नव्हती. तुमी सगळ्यांदेखत त्याला बोलले, तवा मी इथंच उभा होतो अन् गप्प बसलो." मग मी दाराकडे वळलो. वहिनींकडे पाहायचं धाडस झालं नाही, त्यांच्या पायांकडे पाहत म्हणालो, "उत्तम, माझं चुकलं रे. मला माफ कर."