सासूबाईंच्या ताब्यातल्या कुप्या

प्रयोगशाळेचं भांडार सांभाळणाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे ‘सासूबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. घरी सून त्यांना जराही भीत नसे. इथे तरी कुणाला धाक वाटतोय, याचं त्यांना बरंच वाटायचं.

धाक पेप्टाइडांपायी होता. संशोधनासाठी येणारी ही प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांची पांढरी भुकटी चिमूटभरच, पण दमट हवा लागली की बिघडणारी. म्हणून माल आला की बाई तो कोरड्या हवेच्या बंद पेटीत छोट्या कुप्यांमध्ये वाटायच्या, घट्ट बुचं लावायच्या, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसकट डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवायच्या.

“एक मोठी बाटली चालणार नाही का?” कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, “चालेल की. तू ती रोज उघडणार नसशील तर.”

एका सोमवारी सकाळी बघतात तर फ्रीझर मुका. आत उणे वीसऐवजी अधिक बारा अंश. शुक्रवारी संध्याकाळी तर नीट चालू होता. बाईंनी लगेच डबे उचलून शेजारच्या विभागातल्या फ्रीझरमध्ये हलवले, तपासणीसाठी एक कुपी मागे ठेवली आणि संशोधक मॅडमना फोन केला.

मॅडम धावतच आल्या. चार वर्षांचं काम त्या कुप्यांवर उभं होतं. त्यांनी कुपी हातात घेतली आणि बूच फिरवायला लागल्या.

“थांबा. गार आहे ती अजून,” बाईंनी त्यांचा हात धरला. “आत्ता उघडलीत तर हवेतलं पाणी आत धरेल. खोलीइतकी कोमट होऊ दे.”

“मावशी, माझा जीव टांगणीला लागलाय.”

“माझाही. बसा.”

तासभर दोघी स्टुलांवर बसून राहिल्या. मग कुपी उघडली. भुकटी कोरडी, भुरभुरीत. दुपारी यंत्राने काढलेल्या आलेखावर एकच टोकदार शेंडा उमटला. म्हणजे तुकडे पडले नव्हते, पेप्टाइड शाबूत होतं.

मॅडमनी डोळे पुसले. “पाण्यात विरघळवून ठेवलेल्या दहा कुप्यांचं काय?”

“त्या गेल्या. पाण्यात वितळून राहिलं की ते टिकत नाही. पण भुकटी आहे ना, पुन्हा करता येतील.”

“आठवडाभराचं काम,” मॅडम म्हणाल्या आणि चक्क हसल्या.

त्या संध्याकाळी बसमध्ये बाईंना अशी गाढ झोप लागली की उतरायचा थांबा कधीच मागे पडला. दोन थांबे उलट चालत येताना त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.