बोरिंगमधला करंट

आता चहा घेतलाच आहे, तर सोबत माझी फजितीही घ्या. पण कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि शर्ट माझा खराब झाला!

नव्वदचं दशक सरत आलं होतं. पोंभुर्ण्यापलीकडच्या एका गावात मी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. दुकान कसलं, कौसाबाईच्या घराची पुढची खोली. मी मूळचा बल्लारपूरचा, अम्मी-अब्बा तिकडे, इथे माझं कोण? पण कौसाबाईनं मला कधी परकं वाटू दिलं नाही. तिच्या चुलीवर भात शिजला की पहिली हाक मला, "रफिक, जेवला का नाई बाबू?" नवरा लवकर गेलेला, थोडी धानाची शेती आणि एकुलती एक लेक, शोभा.

त्या शोभाला लग्नानंतर किती वर्षांनी मुलगी झाली होती! बारसं आजोळीच, म्हणजे कौसाबाईच्या अंगणात. मूल गावाहून व्याही येणार, अख्खं गाव जेवणार. बाईचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

आणि माझेही ठरत नव्हते. कारण मी चंद्रपूरहून नवाकोरा डिजिटल मल्टिमीटर आणला होता! तोवर माझं सगळं शास्त्र एका टेस्टरवर आणि होल्डरला अडकवलेल्या बल्बवर चालायचं. आता पिवळी मशीन, लाल-काळ्या वायरी, मधे गोल बटण आणि वर घड्याळासारखे आकडे. दुकानदारानं बजावलं होतं, "बटन नेहमी सगळ्यात मोठ्या आकड्यावर ठेवून सुरू कर, मंग हळूहळू खाली ये. आणि सोबतचा कागद वाच." मी म्हटलं, हो हो. कागद वाचला का? छे! त्यात मी सोल्डरिंगची तार गुंडाळली.

बारशाच्या आदल्या सकाळची गोष्ट. घरासमोर सरकारी हँडपंप, आमच्याकडे त्याला बोरिंगच म्हणतात. त्याला खेटून लाईटचा खांब. शेजारची वनिता पाणी भरत होती. एकदम हात झटकत ओरडली, "अगा माय वो! बोरिंगले करंट आला!"

झालं. खांब शेजारी, त्यात हा आरडाओरडा. घटकाभरात निम्मं गाव जमलं.

"रफिकभाऊले बलावा! त्यायच्याकडे नवी मशीन हाय!"

आता खरं सांगा, माझ्या खिशात टेस्टर होता. बोरिंगला टेकवला असता तर तिथेच निकाल लागला असता. पण नवी नवरी घरात असताना जुना फोटो कोण पाहतं? मी ऐटीत मशीन काढली. एक वायर बोरिंगच्या दांड्याला लावली, दुसरी ओल्या मातीत खुपसली. बटण कितीवर ठेवावं? घरातली वीज दोनशेच्या आसपास असते. बटणाभोवती मला दोनशे दिसलं, तिथे ठेवलं.

"एकशे बेचाळीस!" मी ओरडलो.

गर्दी मागे सरकली.

तिथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण करंट कुठवर पसरला हे पाहायला नको? नाल्याजवळची माती मोजली, सव्वीस. कौसाबाईची म्हैस मोजली, एकतीस! म्हशीनं शेपटी हलवली, तर लोक म्हणाले, पाहा, तिलाही झटके येत आहेत.

सरपंचभाऊ पुढे आले. "मले पाह्य." त्यांनी दोन्ही वायरींची टोकं चिमटीत धरली.

"अडतीस!"

ते मटकन ओट्यावर बसले. "तरीच! मले कालपासून गरगरून राह्यलं होतं."

मग लाइनमनला गाठून गावाची लाईन बंद करायला लावली. पंखे थांबले. मी पुन्हा बोरिंग मोजलं. एकशे बेचाळीस! ना एक कमी, ना एक जास्त. लाईन नाही आणि करंट आहे! गर्दीतला एकजण म्हणाला, "भाऊ, करंट जमिनीतूनच येऊन राह्यला, त मंग आपन बिल कायचं भरतो?" या प्रश्नावर गावात बराच वेळ गंभीर चर्चा झाली. मला विचारलं तेव्हा मी नुसती मान हलवली. जाणकार माणसानं फार बोलू नये.

सरपंचांनी बोरिंगभोवती काटेरी फांद्या लावून टाकल्या. पाणी प्यायचं तर गावाबाहेरच्या विहिरीचं. ती मे महिन्यात तळाला गेलेली, पाण्यापेक्षा गाळच जास्त.

भर दुपारी मूलहून व्याही उतरले. गावात लाईट नाही, दारासमोर काटे, सगळे रबरी चपला घालून हिंडताहेत आणि सरपंच कपाळाला ओला रुमाल लावून बसलेले. व्याह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, राग नका मानू. बाळंतीन आनि लेकरू अशा गावात ठेवनं बरं नाई. मी गाडी पाहून येतो, संध्याकाळी घेऊन जातो दोघीयले. बारसं आमच्या इथी करू. आमच्याकडे नळ हाय."

 कौसाबाईनं वांगी चिरायला घेतली होती, ती तशीच टोपलीत ठेवली. इतकी वर्षं जिनं लेकीच्या पाळण्याची वाट पाहिली, तिचा पाळणा दारातून उचलून नेणार होते. 

थोड्या वेळानं ती माझ्या खोलीच्या दाराशी आली. "रफिक, तुयी मशीन पक्की हाय ना रे बापा? एकडाव पाह्य ना."

"पक्की म्हंजे? एकदम पक्की!" म्हणालो आणि तिची खात्री पटावी म्हणून टॉर्चचा नवा सेल काढला. सेल दीड व्होल्टचा असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वायरी लावल्या. काचेवर आकडाच येईना! नुसता डाव्या कोपऱ्यात एकटा 'एक' उभा. त्याचा अर्थ मला दुकानदारानं सांगितला होता: हे माझ्यात मावत नाही.

मी डोकं खाजवलं. दीड व्होल्टचा सेल हिच्यात मावत नाही, आणि एकशे बेचाळीस व्होल्टचं बोरिंग मावतं?

चष्मा पुसून बटणाकडे नीट पाहिलं. बटणाभोवती 'दोनशे' हे दोन ठिकाणी लिहिलेलं होतं हो! एक खऱ्या व्होल्टचं. दुसरं व्होल्टच्या हजाराव्या हिश्शाचं. आणि मी पहिल्यापासून त्या हजाराव्या हिश्शावर बसलो होतो. ओल्या मातीत लोखंड असलं की एवढी चिमूटभर वीज सापडतेच. तिनं मुंगीलाही गुदगुल्या होत नाहीत.

मी धावत वनिताकडे गेलो. "बाई, सकाळी करंट कुठी लागला होता?"

"कोपराले."

"कोपर आपटलं होतं का कुठी?"

"त आपटलंच ना! दांड्यावर. केवढ्या झिणझिण्या आल्या!"

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुमी इचारलं काऊन नाई?"

 लाइनमनला सांगून लाईन सुरू केली. काटे बाजूला केले. बटण एसीच्या, म्हणजे घरातल्या विजेच्या, सगळ्यात मोठ्या आकड्यावर नेलं, सगळ्यांसमोर बोरिंग मोजलं. शून्य!

"करंट नाई! चूक माही होती! भरा पाणी!" मी हात वर करून ओरडलो.

कोणीही हललं नाही.

"सकाळी लाईन बंद असून एकशे बेचाळीस, आनि आता लाईन चालू असून शून्य?" सरपंच म्हणाले. "मशीन बिघडली वाटते."

"मशीन चांगली हाय, मीच येडा होतो!"

"नाई, नाई, तू हुशार हायेस. मशीन बिघडली."

अहो, जन्मात पहिल्यांदा मी खरं मोजलं होतं, आणि कोणी विश्वास ठेवायला तयार नाही! टेस्टर लावून दाखवला, तो पेटला नाही. तर म्हणे, तोही याच्याच दुकानातला.

व्याही गाडी ठरवायला निघालेच होते. तेवढ्यात कौसाबाई पुढे आली. "मशीन गेली खड्ड्यात. रफिक, तू हात लाव. तू लावशील त मी लावीन."

आता यात अवघड काय होतं? शून्य मीच पाहिलं होतं. पण सकाळपासून लोकांना घाबरवता घाबरवता मी स्वतःच इतका घाबरलो होतो की हात पुढे जाईना! तोंडानं अल्लाचं नाव घेतलं, शेजारी उभ्या एका म्हातारबाचं ऐकून विठोबाचंही घेतलं. डोळे मिटले आणि दांडा गच्च धरला.

"मेलोऽऽ!"

काय पळाले लोक! सरपंचांची एक चप्पल तिथेच राहिली. व्याही तर थेट एसटी थांब्याच्या दिशेनं.

कौसाबाई तेवढी हलली नाही. तिनं दांड्याला बोट लावून पाहिलं, पदराची घडी केली, दांड्यावर ठेवली आणि हापसायला लागली. भळाभळा पाणी आलं.

"मे महिन्याचं ऊन हाय," ती म्हणाली. "लोखंड तापते बापा."

व्याह्यांना थांब्यावरून परत आणावं लागलं. ते काम सरपंचांनी एका चपलेवर केलं. दुसऱ्या दिवशी बारसं तिथेच, कौसाबाईच्याच अंगणात झालं. पहाटेपासून शेवटची पंगत उठेपर्यंत बोरिंग मीच हापसलं, तळहाताला पट्टी बांधून. आणि प्रत्येक पाहुणा गुंड-घागर भरायच्या आधी मला विचारायचा, "भाऊ, तुमाले काई होऊन त नाई राह्यलं ना?"

गर्दी ओसरल्यावर कौसाबाईनं मला पाळण्यापाशी बोलावलं. मामा म्हणून लेकरू माझ्या मांडीवर दिलं. मी म्हटलं, "मावशी, भेऊ नको, मशीन मी पेटीत कुलपात ठेवून आलो."

ती नातीची दुपटी नीट करत म्हणाली, "मशीनचं भेव कोनाले हाय बाबू? तुयंच हाय."