बकलकाकांचा टाय

आमच्या मजल्यावरचे परबकाका माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या पोटाकडे बघत. नेमकं सांगायचं तर पट्ट्याच्या बकलाकडे. समोरच्याने टाय घातलेला असो वा नसो, त्यांची नजर आधी गळ्याशी जायची, तिथून सरळ खाली उतरायची आणि बकलापाशी थांबायची. मग ‘काय, बरा मां?’ ही चौकशी. बोरीवलीच्या आमच्या सोसायटीतले झाडून सगळे पुरुष ते जिन्यात दिसले की नकळत पोट आत घ्यायचे. त्यांना बकलकाका हे नाव कुणी ठेवलं ते माहीत नाही, पण त्यांच्या कानावर ते आलेलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडतही होतं.

काका औषध कंपनीत होते. डॉक्टरांना भेटायचं आणि कंपनीची औषधं समजावून सांगायची, हे त्यांचं काम. मुलुंड-घाटकोपरचे दवाखाने त्यांच्याकडे. पेशंट संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहायचं आणि डॉक्टरसाहेबांची लहर असेल तर घटकाभर आत जायचं. मे महिन्यात आम्ही पंख्याखाली बसूनही चिकचिकत असायचो, तेव्हा काका लांब बाह्यांचा शर्ट आणि गळ्याशी घट्ट टाय अशा थाटात बॅग घेऊन निघायचे. काकू म्हणायच्या, “अहो, निदान रिक्षात तरी सैल करा.” त्यावर काका म्हणायचे, “का? रिक्षावाल्याने काय पाप केलंय?”

टायच्या लांबीबद्दल मात्र थट्टा चालत नसे. “टोक बकलाच्या मधोमध टेकलं पाहिजे. खाली गेलं तर बापाचा टाय घालून आल्यासारखं दिसतं, वर राहिलं तर शाळेतून पळून आल्यासारखं.” मागची अरुंद पट्टी पुढच्या पट्टीआड, तिथे शिवलेल्या लूपमध्ये अडकवायची. ती बाहेर डोकावली की “शेपूट दिसतंय” असं सांगायला त्यांनी कधी कमी केलं नाही. एका रिसेप्शनला स्टेजवर गेले, आहेराचं पाकीट काकूंच्या हातात दिलं आणि नवरदेवाचा टाय सोडून पहिल्यापासून बांधायला घेतला. खाली रांग खोळंबली. फोटोग्राफर बिचारा फोटो काढत राहिला. त्या अल्बममध्ये नवरीपेक्षा काकाच जास्त दिसतात असं त्या घरचे अजून सांगतात.

आमच्या सोसायटीत टाय घालणारी घरं तशी थोडीच. बहुतेकांचे आजोबा गिरणीत, वडील कुठे वर्कशॉपमध्ये नाहीतर कारकून. त्यामुळे पोरगा इंटरव्ह्यूला निघाला की टाय बांधायला बकलकाका. आणि एकदा त्यांनी बांधलेली गाठ कुणी सोडत नसे! टाय सैल करून डोक्यातून काढायचा आणि दारामागच्या खिळ्याला तसाच लटकवून ठेवायचा. पुढच्या इंटरव्ह्यूला पुन्हा डोक्यात घातला की काम झालं. कितीतरी घरांत असे गाठीसकट टाय देवाच्या हारासारखे टांगलेले असत.

यातूनच संदेशचं प्रकरण झालं. संदेश तळमजल्यावरचा, ताडमाड उंच. काका सकाळी लवकर निघतात म्हणून त्याच्या आईने आदल्या संध्याकाळीच टाय काकांकडे आणला. काकांनी तो स्वतःच्या गळ्यात बांधला, मापात बसवला, सैल करून माऊलीच्या हातात दिला. आता काका पडले चणीने लहान. सकाळी संदेशने तो घातला तर टोक बेंबीच्याही वर. बाकी कुणाला सोडवून बांधता येईना, तसाच गेला बिचारा. संध्याकाळी हे कळल्यावर काका स्वतः त्याच्या घरी जाऊन बसले. “चूक माझी,” म्हणाले. “टाय उसना चालतो रे, गाठ उसनी चालत नाही.” तेव्हापासून त्यांनी बांधून देणं बंद केलं. यायचं, आरशासमोर उभं राहायचं आणि आपल्या गळ्यात आपण बांधायचा. काका मागे उभे राहून शिकवणार. संदेशला दुसरीकडे नोकरी लागली, ती अर्थात स्वतः बांधलेल्या टायने.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते पहिल्यांदा गोंधळलेले दिसले. मला मरोळच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर काम मिळालं होतं आणि आमच्या युनिफॉर्मला टाय होता. काकांनी सवयीने खाली बघितलं. माझ्या पँटला पट्टाच नव्हता.

“बकल नाय?”

“लेडीज पँट आहे काका. बकल नसतं.”

“मग तुझा टाय थांबणार खंय?” त्यांनी हनुवटी खाजवली, बराच विचार केला आणि म्हणाले, “बकल आहे असं समजायचं आणि तिथे थांबायचं. चल, हो उभी.” त्यांनी मला त्यांची लाडकी डबल गाठ शिकवली. हॉटेलातल्या आमच्या ट्रेनिंगच्या मॅडमनी ती पहिल्याच दिवशी सोडायला लावली. माझ्या लहान कॉलरमध्ये ती पावासारखी फुगलेली दिसत होती. त्यांनी साधी, एका वेढ्याने कमी असलेली गाठ शिकवली. ती बघून काकांनी नाक मुरडलं. “ही काय गाठ? तापातून उठल्यासारखी दिसते.” पुढे रोज जिन्यात भेटलो की “बरी आहे का तुझी आजारी गाठ?” असं विचारायचे.

मग काकांची कंपनी दुसऱ्या कंपनीत मिसळली. डॉक्टरांना औषधांची माहिती मोबाइलवर जाऊ लागली आणि पन्नाशी उलटलेल्या सगळ्यांना घरी बसवलं. काकांची लेक मनाली तेव्हा बारावीला होती. काकू शिवणकाम करायच्या, पण त्यावर घर चालण्यातलं नव्हतं. काका जागोजागी अर्ज करत होते आणि कुठूनही बोलावणं येत नव्हतं. आता ते दिवसभर गॅलरीत बनियनवर बसलेले दिसायचे. मी जाता-येता हाक मारली तर हसायचे, पण माझ्या तोंडाकडे बघून. मला ते बघवायचं नाही. ज्या माणसाने अख्ख्या सोसायटीच्या पोरांना इंटरव्ह्यूला तयार करून पाठवलं, त्याला कुणी साधं इंटरव्ह्यूलासुद्धा बोलावू नये, याचा मला भयंकर राग यायचा.

अखेर अंधेरीहून एका लहान कंपनीचं बोलावणं आलं. त्या सकाळी काकूंनी आमची बेल दाबली. “शिल्पा, जरा ये गं. हे आरशासमोरून हलत नाहीत, आणि वेळ झालीय.”

आत काका घामाघूम होऊन उभे होते. इतके महिने घरी बसून पोट सुटलेलं. टाय त्या पोटावरून खाली उतरायचा आणि बकलाच्या चांगला वर थांबायचा. पुढची पट्टी लांब घ्यावी, तर मागची इतकी आखूड राहायची की लूपपर्यंत पोचायची नाही. बांधायचे, बघायचे, सोडायचे. टायला सुरकुत्या पडायला लागल्या होत्या.

“पट्टा वर घ्या ना जरा,” काकू म्हणाल्या.

“छातीवर बांधू काय पट्टा?” काका कडाडले. मग एकदम खुर्चीवर बसले. “जाऊ दे गो. आता कोण घेणार आहे मला? तिथे सगळी मनालीच्या वयाची पोरं असणार.”

मनाली दारात वही छातीशी धरून उभी होती. तिच्यासमोर त्यांनी असं बोललेलं मला सहन झालं नाही. मी दटावल्यासारखंच म्हटलं, “काका, उठा. एक वेढा कमी घ्या.”

“म्हणजे तुझी आजारी गाठ?”

“हो, आजारी. डबल गाठ किती कापड खाते माहितीये ना? ते वाचेल, टाय खाली येईल.”

“आयुष्यभर डबल घातली मी.”

“आयुष्यभर हे पोटही नव्हतं,” काकू म्हणाल्या.

मनाली फिसकन हसली. काकांनी तिच्याकडे बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचाही चेहरा सैल झाला. ते उठले. मी मागे उभी राहिले आणि सांगत गेले. हात त्यांचेच चालले. डावीकडून, वरून, आतून. टोक येऊन बकलावर टेकलं. मागची पट्टीही लूपमध्ये बसली. काका आरशात बराच वेळ बघत राहिले आणि माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, “बघ गो, बरोबर आसा मां?” मी मान हलवली.

काका परतले ते दुपार कलल्यावर. त्यांच्यासमोर टीशर्ट घातलेली तीन पोरं बसली होती म्हणे. एकाने चाचरत विचारलं, “सर, मुंबईत जागा भरल्यात. सिंधुदुर्ग जिल्हा रिकामा आहे. तिथे जायला कुणी तयार होत नाही. तुम्हाला चालेल का?” काका हे सांगताना हसत होते आणि डोळे पुसत होते. “चालेल काय विचारतोस बाबा! कुडाळजवळ माझं घर आहे, म्हातारी आवस, माझी आई, आहे एकटी तिथे.” काकू देवापुढे साखर ठेवायला आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मनालीची परीक्षा होईपर्यंत त्या दोघी इथे राहणार आणि काका पुढे जाणार असं ठरलं. निघायच्या दिवशी गेटवर ही गर्दी! आता गोरेगावला राहणारा संदेश सुट्टी टाकून आला होता. बॅग कुणी उचलायची यावरून पोरांची ओढाताण चालली होती. काका सगळ्यांना “अरे, मी काय अमेरिकेत चाललोय?” म्हणत होते. गाडी वळली तेव्हा आमचा मजला आता कसा भकास वाटेल याच्या विचाराने मला रडू आलं. तरीही त्या रडण्याला एक बरं वाटणं चिकटलेलं होतं. माणूस कामावर चालला होता.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. कुडाळचे डॉक्टर, रस्ते, मासळी, सगळं सांगून झालं. मग म्हणाले, “शिल्पा, एक गंमत सांगतो. पहिल्या दिवशी तयार होऊन बाहेर आलो, तर आवस घरापुढच्या खळ्यात बसली होती. गावाला मी येणार तो गणपतीला नाहीतर मे महिन्यात, तेव्हा अर्धी चड्डी आणि बनियन. तिने मला टायमध्ये कधी बघितलंच नव्हतं.”

“मग?”

“उठली. डोळ्यांनी कमी दिसतं ना, अगदी जवळ आली. टायवरून खालपर्यंत हात फिरवला आणि म्हणाली, ‘असोच जायस काय रे तू इतकी वर्सां कामाक?’”